पक्षाघात सर्वांना सारखा का गाठत नाही?

मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अचानक बिघाड होऊन उद्भवणाऱ्या पक्षाघाताचे प्रमाण, तो होण्याचे वय आणि त्याचा प्रकार या तिन्ही बाबी जगातील निरनिराळ्या समाजगटांत निरनिराळ्या आढळतात, हे वैद्यकशास्त्राला अनेक दशकांपासून ठाऊक आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना हा आजार गौरवर्णीयांपेक्षा लवकर गाठतो. पूर्व आशियात मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक असते. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांत पक्षाघाताने होणारे मृत्यू तेथील सर्वसाधारण प्रमाणाच्या सुमारे दीडपट असल्याचे विसाव्या शतकाच्या अखेरच्या आकडेवारीवरून दिसून आले होते. हा फरक रक्तातून येतो की राहणीतून, याविषयी मात्र संशोधकांत दीर्घकाळ चर्चा सुरू आहे.

म्हैसूर शहराच्या पश्चिमेस, हुणसूर रस्त्याच्या बाजूला असलेल्या हूटगळ्ळीसारख्या ठिकाणी हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. मूळच्या कन्नड खेड्याभोवती येथे कारखाने व गृहनिर्माण वसाहती उभ्या राहिल्या आणि कामाच्या शोधात ठिकठिकाणची माणसे आली. एकाच पाळीत काम करणाऱ्या तिघांपैकी एकाचे गाव मंड्याच्या उसाच्या पट्ट्यात, दुसऱ्याचे बंगालमध्ये, तर तिसरा म्हैसुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबातला असू शकतो. त्यांची पक्षाघाताची जोखीम वेगवेगळी मानावी काय? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा म्हैसुरातच, एका जुन्या रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षातील नोंदवह्यांत सापडतो. तत्पूर्वी आजाराचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे.

एक नाव, अनेक आजार

अर्धांगवायू, लकवा, पक्षाघात आणि आता ब्रेन स्ट्रोक, अशी अनेक नावे मराठीत प्रचलित आहेत. 'लकवा' हा शब्द तर चेहऱ्याच्या नसेच्या साध्या विकारालाही सर्रास वापरला जातो व त्यामुळे घोटाळा होतो. वैद्यकीयदृष्ट्या पक्षाघाताचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात मेंदूकडे रक्त नेणारी धमनी गुठळीमुळे बंद होते. दुसऱ्यात धमनी फुटून मेंदूत किंवा मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव होतो. पाश्चात्त्य देशांत पहिल्या प्रकारचे रुग्ण सुमारे ८५ टक्के असतात.

गुठळीच्या प्रकारातही उपप्रकार आहेत आणि समाजगटांमधील फरक खऱ्या अर्थाने येथे दिसू लागतो. गौरवर्णीय युरोपीय व अमेरिकी रुग्णांत मानेतील कॅरॉटिड धमनी चरबीच्या थरांनी अरुंद झालेली अनेकदा आढळते. चिनी, जपानी व कोरियन रुग्णांत आणि कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांत कवटीच्या आतील धमन्या अरुंद होण्याचे प्रमाण जास्त असते. भारतातही चित्र या दुसऱ्या गटाच्या जवळ जाणारे आहे. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमधील पक्षाघात नोंदणीत मेंदूच्या आतील मोठ्या धमन्यांचे आकुंचन हे प्रमुख कारण म्हणून पुढे आले. मेंदूच्या खोल भागातील अतिशय बारीक धमन्या बंद होऊन होणारे लहान पक्षाघात दक्षिण आशियाई रुग्णांत तुलनेने अधिक दिसतात. मधुमेह व दीर्घकाळचा उच्च रक्तदाब यांचा आघात मुख्यतः याच बारीक धमन्यांवर होत असतो.

अमेरिका, लंडन, जपान

या विषयावरील सर्वांत मोठ्या अभ्यासांपैकी एक अमेरिकेत 'रिगार्ड्स' या नावाने २००३ ते २००७ या काळात उभा राहिला. ४५ वर्षे व त्यापुढील वयाच्या ३० हजारांहून अधिक कृष्णवर्णीय व गौरवर्णीय नागरिकांची त्यात नोंद करण्यात आली आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांच्या प्रकृतीचा मागोवा घेण्यात आला. ४५ ते ५४ या वयोगटात कृष्णवर्णीयांची जोखीम गौरवर्णीयांच्या कित्येक पट असल्याचे त्यात आढळले. वय वाढत गेले तसतसा हा फरक कमी होत गेला आणि ८५ वर्षांनंतर तो नाहीसा झाला. वंश हेच कारण असते, तर ते म्हातारपणी का मावळावे?

रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान इत्यादी परिचित कारणे व आर्थिक स्थिती हिशेबात धरली असता दोन गटांतील तफावतीचा सुमारे निम्मा भाग उलगडतो, असे याच अभ्यासातून दिसले. उरलेल्या भागाविषयीचा एक निष्कर्ष लक्षणीय आहे. वरचा रक्तदाब १० अंकांनी वाढल्यास गौरवर्णीयांत पक्षाघाताची जोखीम ८ टक्क्यांनी, तर कृष्णवर्णीयांत २४ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. रक्तदाब किती काळ अनियंत्रित राहिला, औषधे केव्हा सुरू झाली, डॉक्टर किती दूर होता, या गोष्टी एका दिवशी घेतलेल्या मोजणीत उमटत नाहीत, हे त्यामागचे एक स्पष्टीकरण आहे. लंडनच्या दक्षिण भागात १९९५पासून चालू असलेल्या पक्षाघात नोंदणीतही कृष्णवर्णीय रुग्ण गौरवर्णीयांपेक्षा सरासरी सुमारे दहा वर्षांनी लहान असल्याचे दिसते.

येथे भाषेसंबंधी एक खुलासा करावासा वाटतो. अशा अभ्यासांची वृत्ते मराठीत देताना आपण 'वंश' हा शब्द वापरतो आणि त्याबरोबर रक्ताची, कुळाची कल्पना आपोआप येते. प्रत्यक्षात या बहुतेक अभ्यासांत सहभागी व्यक्तीने 'मी अमुक गटातला' असे स्वतः सांगितलेले असते. त्या उत्तरात पूर्वज असतात, तसेच वस्ती, शाळा, ताटातले अन्न आणि नोकरीही असते. मराठी शब्द त्यातील एकच बाजू ठळक करतो.

जपानचे उदाहरण या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे. तेथील मृत्युनोंदींनुसार १९५०च्या दशकात मेंदूतील रक्तस्रावाने होणारे मृत्यू गुठळीच्या पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंच्या बारा पटींहून अधिक होते. पाश्चात्त्य तज्ज्ञांना हे प्रमाण अविश्वसनीय वाटले. तेव्हा १९६१मध्ये क्यूशू बेटावरील हिसायामा या गावात एक अभ्यास सुरू करण्यात आला. त्यात मरण पावणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींचे शवविच्छेदन करून मृत्यूचे खरे कारण तपासले जाऊ लागले. दाखल्यांवरील बारा पटींचा फरक शवविच्छेदनात टिकला नाही. मेंदूच्या चित्रणाची सोय नसलेल्या काळात पक्षाघाताने मृत्यू म्हणजे रक्तस्राव, असे लिहिण्याची डॉक्टरांची सवय त्या आकड्यांमागे होती. रक्तस्रावाचे प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा जपानमध्ये अधिक होते हे खरेच. मात्र 'वांशिक' वाटणाऱ्या त्या अतिरेकी फरकाचा मोठा भाग लेखणीतून आलेला होता.

याच दशकात, १९६५मध्ये, आणखी एक तुलना सुरू झाली. हिरोशिमा व नागासाकी येथील जपानी पुरुष, हवाई बेटांवर स्थलांतरित झालेले जपानी वंशाचे पुरुष आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातील जपानी वंशाचे पुरुष असे तीन गट निवडण्यात आले. पूर्वज एकच, परंतु देश व आहार भिन्न. पक्षाघाताचे प्रमाण जपानमध्ये जास्त व हवाईत कमी आढळले. हृदयविकाराचे प्रमाण मात्र जपानमध्ये सर्वांत कमी व कॅलिफोर्नियात सर्वांत जास्त होते. जपानमध्येही पुढील दशकांत आहारातील मीठ कमी झाले, रक्तदाबाचे उपचार गावोगाव पोहोचले आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. माणसे तीच राहिली व आजार बदलला.

अर्थात जनुकांचा वाटा नाकारता येत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्या हळूहळू बंद होत जाणाऱ्या 'मोयामोया' या विकाराचे रुग्ण जपान व कोरियात इतरत्र आढळतात त्याहून पुष्कळ अधिक आहेत आणि पूर्व आशियात आढळणारा एका विशिष्ट जनुकातील बदल त्यास कारणीभूत ठरतो. असे विकार एकूण पक्षाघातांच्या तुलनेत मात्र थोडेच असतात.

भारत हा एक गट नव्हे

परदेशी अभ्यासांत 'दक्षिण आशियाई' या एका रकान्यात भारत, पाकिस्तान, बांगलादेश व श्रीलंका येथील सर्वांना घातले जाते. देशातील आकडे पाहिले असता हा रकाना किती सैल आहे ते कळते. मुंबईत लीलावती रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. पी. एम. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५-०६मध्ये वांद्रे परिसरातील दीड लाखाहून अधिक लोकसंख्येत पक्षाघाताची नोंदणी केली. दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे १४५ जणांना प्रथमच पक्षाघात होत असल्याचे त्यात आढळले. त्यांपैकी सुमारे ८० टक्के गुठळीचे आणि १८ टक्क्यांच्या आसपास रक्तस्रावाचे होते. साधारण त्याच काळात कोलकात्यात झालेल्या पाहणीत, ज्यांचा स्कॅन झाला अशा रुग्णांत रक्तस्रावाचे प्रमाण ३२ टक्के भरले. दोन्ही शहरे भारतीयच.

मुंबईतील पारशी समाजाचा अभ्यास याहून बोलका आहे. डॉ. नादिर भरुचा व सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात शहरातील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन १४ हजार व्यक्तींची पाहणी केली. पक्षाघात होऊन गेलेल्यांचे प्रमाण दर लाखामागे ८४२ इतके निघाले. त्या काळी देशाच्या अन्य भागांतील काही पाहण्यांत हे प्रमाण शंभराच्याही आत होते. अल्पसंख्य व आपसांत विवाह करणारा समाज, तेव्हा हा दोष रक्तातलाच, असा निष्कर्ष सहज निघाला असता. परंतु पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण फार मोठे आहे व पक्षाघात हा प्रामुख्याने उतारवयाचा आजार आहे. वयाचा हा फरक गणिताने दुरुस्त केल्यावर आकडा सुमारे निम्म्यावर आला.

आपल्याकडे विशेषत्वाने दिसणारा आणखी एक प्रकार आहे व त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या नीलांमध्ये गुठळी होऊन तरुण स्त्रियांना, बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत, पक्षाघात होतो. तीव्र डोकेदुखी, फिट येणे, हातपाय लुळे पडणे ही त्याची लक्षणे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने अशा रुग्णांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. बाळंतपणात रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती स्वभावतःच वाढते. त्यात रक्तक्षय, जंतुसंसर्ग आणि शरीरातील पाणी कमी होणे यांची भर पडते. बाळंतिणीला पाणी बेताचे द्यावे ही अनेक घरांतील जुनी रीत येथे थेट घातक ठरू शकते. नवप्रसूतेची डोकेदुखी 'शिणवट्यामुळे' म्हणून दुर्लक्षिली जाऊ नये.

म्हैसूरच्या नोंदवह्या

म्हैसूरचे होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालय 'मिशन हॉस्पिटल' या नावाने सर्वांना परिचित आहे. १९३४पासून येथे जन्मलेल्या प्रत्येक बालकाचे वजन, लांबी व डोक्याचा घेर वहीत टिपून ठेवण्यात येत असे. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी, त्यांत डॉ. कॅरोलाइन फॉल प्रमुख होत्या, १९९०च्या दशकात या नोंदींवरून त्या बालकांचा शोध घेतला. तोवर ती बालके प्रौढ झाली होती. १९३४ ते १९५४ या काळात जन्मलेल्या सुमारे पाचशे स्त्रीपुरुषांच्या तपासणीचे निष्कर्ष १९९६मध्ये प्रसिद्ध झाले. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांपैकी ज्यांचे जन्मवजन अडीच किलो किंवा त्याहून कमी होते, त्यांच्यात हृदयधमन्यांच्या विकाराचे प्रमाण ११ टक्के, तर ज्यांचे जन्मवजन तीन किलोंहून अधिक होते त्यांच्यात ते ३ टक्के आढळले.

या पाहणीचा विषय हृदयविकार होता, पक्षाघात नव्हे. परंतु इंग्लंडमधील शेफील्डच्या जुन्या जन्मनोंदींच्या अभ्यासात पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंचाही कमी जन्मवजनाशी संबंध दिसून आला होता. आईच्या पोटात झालेली उपासमार गर्भाच्या रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे व स्वादुपिंड यांच्या घडणीवर परिणाम करते आणि तिचे फळ पाच-सहा दशकांनी दिसते, असा हा विचार आहे. डेव्हिड बार्कर या ब्रिटिश वैद्याच्या नावाने तो ओळखला जातो. म्हैसुरात १९९७-९८मध्ये गर्भवती स्त्रियांपासून प्रारंभ करून त्यांच्या मुलांचा मागोवा घेणारा दुसरा अभ्यासही सुरू झाला.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३पासून केलेल्या कामाने याला जोड दिली. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरीच लहान होती, पण त्यांच्या शरीरातील चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. स्नायू कमी होते. डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले व पुढे जगभर गाजले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीयांसाठी निर्देशांकाची मर्यादा २५ऐवजी २३ मानावी, तसेच पोटाचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा, हे निकष अशाच निरीक्षणांतून आले. सडपातळ दिसणाऱ्या माणसाला पन्नाशीपूर्वी मधुमेह का होतो व त्यामागून पक्षाघात का येतो, याचे उत्तर काही अंशी येथे मिळते. येथे वंश, इतिहास आणि दारिद्र्य अशा रीतीने गुंतलेले आहेत की ते वेगळे काढता येणे कठीण.

गडचिरोलीचा आकडा

पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू राहणीचा आजार आहे, हा समज गडचिरोलीने खोडून काढला. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेतर्फे, मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे यांच्या पुढाकाराने, २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतील प्रत्येक मृत्यूचे कारण तपासण्यात आले. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झाले होते. तेथील मृत्यूचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. या रुग्णांपैकी ८७ टक्के घरीच मरण पावले.

वांद्र्यातील व गडचिरोलीतील मराठी भाषकांमध्ये वांशिक फरक शोधत बसण्याचे कारण नाही. एका ठिकाणी स्कॅनची सोय हाकेच्या अंतरावर असते; दुसऱ्या ठिकाणी रक्तदाब कधी मोजलाच गेलेला नसतो. ३२ देशांत, भारतासह, झालेल्या व २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरस्ट्रोक' अभ्यासाने हीच बाब मोठ्या पटावर मांडली. सुमारे २७ हजार व्यक्तींच्या या तुलनेत उच्च रक्तदाब, धूम्रपान, आहार, व्यायामाचा अभाव, मधुमेह, मद्यपान इत्यादी दहा बदलता येण्याजोगी कारणे मिळून जगातील पक्षाघाताच्या सुमारे ९० टक्के जोखमीस जबाबदार असल्याचे आढळले. त्यात एकट्या उच्च रक्तदाबाचा वाटा जवळजवळ निम्मा होता. प्रदेशागणिक कारणांचा क्रम बदलला, यादी तीच राहिली.

औषध देताना

मग समाजगटाचा विचार उपचारात करावा की नाही? काही बाबतींत तो केला जातो. गुठळी विरघळवणाऱ्या अल्टेप्लेज या औषधाची मात्रा जपानमध्ये, रक्तस्रावाच्या भीतीने, इतर देशांपेक्षा कमी ठरवण्यात आली. २०१६च्या एका मोठ्या चाचणीत, जिच्यातील बहुसंख्य रुग्ण आशियाई होते, कमी मात्रेने मेंदूतील रक्तस्राव घटला. परंतु रुग्णांचे अपंगत्व टाळण्यात ती नेहमीच्या मात्रेइतकीच गुणकारी असल्याचे सिद्ध झाले नाही. क्लोपिडोग्रेल ही पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून देण्यात येणारी गोळी यकृतात कार्यक्षम होते व त्यासाठी लागणाऱ्या जनुकाचे कमजोर रूप आशियाई लोकांत बरेच आढळते. तरीही एखाद्या विशिष्ट रुग्णात ते आहे की नाही, हे त्याच्या आडनावावरून वा मातृभाषेवरून कळत नाही.

घरच्यांच्या दृष्टीने प्रकारांतील फरकाचा एक परिणाम अतिशय तातडीचा आहे. हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिन द्यावी, हे आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे आणि तोच उपाय पक्षाघातातही केला जातो. आपल्याकडे रक्तस्रावाचा वाटा मोठा आहे. मुंबईत साधारण सहात एक, कोलकात्यात तिघांत एक. बाहेरून पाहून गुठळी व रक्तस्राव यांतील भेद तज्ज्ञालाही खात्रीने सांगता येत नाही, त्यासाठी सीटी स्कॅनच लागतो. तो होण्याआधी ॲस्पिरिन किंवा अन्य रक्त पातळ करणारे औषध देऊ नये. गिळता येत नसल्यास तोंडात पाणीही घालू नये.

चेहरा एका बाजूस ओढला जाणे, एक हात वा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक तोल जाणे किंवा दिसेनासे होणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवावी व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळवण्याचे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि मोठी धमनी बंद असता दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी नष्ट होत असतात. हूटगळ्ळीहून म्हैसुरातील मोठी रुग्णालये साधारण दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. ही लक्षणे काही मिनिटांत आपोआप नाहीशी झाली, तरी तो पुढील पक्षाघाताचा इशारा समजून त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी लागते.

मेंदूच्या डाव्या भागास इजा झाल्यास अनेकांची वाचा जाते. म्हैसुरातच, १९६५मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत, अशा रुग्णांवर उपचार केले जातात. घरी मराठी, कारखान्यात कन्नड आणि बाजारात हिंदी किंवा उर्दू बोलणाऱ्याच्या बाबतीत कोणती भाषा आधी परतेल याचा नियम नाही. काहींना मातृभाषा प्रथम आठवते, काहींना आजारापूर्वी सर्वाधिक वापरात असलेली भाषा, तर काहींच्या सर्व भाषा बरोबरीने सुधारतात. म्हणून रुग्ण कोणकोणत्या भाषा, कोणाशी व किती बोलत असे, ही माहिती कुटुंबीयांनी उपचारकाला पहिल्याच भेटीत द्यावी.